पाट, काडीमोड आणि विवाहविषयक कायदे (सातारा जिल्हा)

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर तेथील हिंदू स्त्रियांच्या विवाहहक्कांत रूढी व इंग्रजी कायदा यांच्या ओढाताणीतून झालेले फेरबदल. तासगाव, वाळवा, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत. शेजारच्या सांगली, औंध, फलटण संस्थानांना ब्रिटिश मुलखाचे कायदे आपोआप लागू होत नसत.

विधवेला पुनर्विवाहाची मुभा १८५६ च्या कायद्याने मिळाली, हे विधान ब्राह्मणांसारख्या जातींपुरते खरे आहे. कुणबी, माळी, धनगर यांच्यात विधवेचा पाट, म्हणजेच मोहतूर, आधीपासून लागत होता. त्याचा मान लग्नाहून कमी. विधी रात्री, मोजक्या माणसांत उरके आणि सवाष्णी तिकडे फिरकत नसत. तरी संतती औरसच ठरे. नवऱ्याशी पटेनासे झाले, तर पंचांसमोर काडी मोडून सोडचिठ्ठी होई.

१८५६ च्या कायद्यातले दुसरे कलम मात्र पुनर्विवाहितेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेणारे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ते पाटाची रूढी असलेल्या जातींनाही लावले. अलाहाबादच्या न्यायालयाचे मत याच्या उलट होते. ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, अशा बायकांनाही त्याचा भुर्दंड पडला. काडीमोडीचेही तेच झाले. नवरा हयात असता निव्वळ जातीच्या परवानगीने लावलेला पाट मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये अमान्य केला, आणि अशी स्त्री दंडसंहितेच्या ४९४ व्या, म्हणजे जोडीदार हयात असता दुसरे लग्न करण्याच्या गुन्ह्याच्या, कलमात सापडू लागली. पुरुषाने दुसरी, तिसरी केली तरी विचारणारे कोणी नव्हते.

सुधारकांपैकी बरेच जण याच जिल्ह्यातले. बावधनच्या विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहाची चळवळ चालवली आणि १८७४ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केले. त्यांचे सहकारी न्या. रानडे यांनी आदल्याच वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे नमून, देवराष्ट्र्याच्या अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले होते. टेंभूचे आगरकर संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधास संमती देण्याच्या किमान वयाच्या, कायद्याच्या बाजूने उभे राहिले. १८९१ च्या त्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारावर गेले. विवाहाचेच किमान वय, मुलींसाठी चौदा, ठरायला १९२९ साल उजाडले.

मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याबंदी आणली, १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. रूढीने मिळणारा घटस्फोट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने अबाधित ठेवला.