३३ के.व्ही. ब्रेकरची टाइप टेस्ट: रिपोर्ट असूनही टेंडर का अडतं?

व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर (बिघाड झाला की वीजप्रवाह तोडणारं उपकरण) वीज कंपनीला विकायचा तर आयईसी ६२२७१-१०० या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे टाइप टेस्ट रिपोर्ट, म्हणजे त्या डिझाइनचा नमुना तपासल्याचा अहवाल, लागतोच, तोही एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या लॅबचा. सीपीआरआय या सरकारी संशोधन संस्थेची बंगळुरू आणि भोपाळची केंद्रं, वडोदऱ्याची एर्डा ही चाचणी संस्था हे नेहमीचे पत्ते. अर्ज, आगाऊ फी, स्लॉट, नमुना पाठवणं लॅबवाले सांगतील तसं करा. तिथे सहसा कुणी अडत नाही.

अडतात ते ड्रॉइंगपाशी. लॅब नमुना ड्रॉइंगशी ताडून बघते आणि ड्रॉइंगचे नंबर, रिव्हिजनसकट, रिपोर्टमध्ये येतात. मग कारखान्यात काय होतं? पर्चेसवाला दुसऱ्या मेकची स्वस्त व्हॅक्यूम बॉटल (ब्रेकरचे कॉन्टॅक्ट ज्यात असतात ती निर्वात नळी) आणतो, डिझाइनवाला ड्रॉइंगची रिव्हिजन आर-१ ची आर-२ करतो आणि टेंडरला आर-२ जोडली जाते. छाननीत टेंडर अडायला तेवढंच पुरतं. ‘किरकोळ बदल आहे हो’ हे आपलं म्हणणं झालं. फॉल्टचा करंट तोडते ती बॉटलच. ती बदलली की शॉर्ट सर्किटच्या चाचण्यांचा खर्च पुन्हा आलाच. म्हणून ड्रॉइंग आधी पक्की करा, मगच स्लॉट मागा.

दुसरी खोच रेटिंगची. सिस्टिम ३३ के.व्ही.ची असली तरी ब्रेकरचं रेटिंग ३६ के.व्ही. हवं: मिनिटभर ७० के.व्ही. आणि इम्पल्सला, म्हणजे विजेसारख्या क्षणिक झटक्याला, १७० के.व्ही. सोसायला हवेत. शॉर्ट टाइम करंट, म्हणजे बंद ब्रेकरने फॉल्टचा करंट किती वेळ सोसायचा, त्यासाठी स्टँडर्डमधला नेहमीचा आकडा १ सेकंद आहे, आपल्याकडची टेंडरं बहुधा ३ सेकंद मागतात. अर्जात २५ के.ए. (किलोअँपिअर) एवढंच लिहून सेकंद कोरे ठेवणारे महाभाग दरवर्षी भेटतात.

मेकॅनिकल एंड्युरन्सचंही (ब्रेकर किती वेळा उघडझाप सोसतो, त्याचंही) तेच. त्याचे वर्ग दोन: एम१ म्हणजे २,००० ऑपरेशन, एम२ म्हणजे १०,०००. टेंडरमध्ये एम२ असेल तर एम१ चा रिपोर्ट कितीही देखणा असो, उपयोग शून्य. एम२ मध्ये मधूनमधून वंगण आणि थोडी जुळवणी चालते, कॉन्टॅक्ट बदलणं नाही. पण ही देखभाल कधी आणि कोणती, हे उत्पादकाने चाचणीआधी लेखी द्यायचं असतं. हा कागद लहान कारखान्यांत जवळजवळ कुणाकडे तयार नसतो. मग लॅबच्या बाकड्यावर बसून हाताने लिहिला जातो आणि त्यात ग्रीसचं नावही चुकतं.

रिपोर्टची मुदत ५ वर्षं की १०, हे टेंडरप्रमाणे बदलतं. मोजणी मात्र सहसा चाचणीच्या तारखेपासून निविदा उघडण्याच्या तारखेपर्यंत होते. रिपोर्ट दोन-तीन महिन्यांनी हाती आला म्हणून मुदत तिथून सुरू होत नाही, आणि पत्र लिहून विनवण्या केल्या तरी छाननीवाले ऐकत नाहीत.

कारखान्याचा पत्ता बदललाय? ब्रेकर तोच, माणसं तीच, तरी रिपोर्टवरचा पत्ता जुना म्हणून फाइल परत येते. वैताग खराच, पण स्थलांतराची कागदपत्रं बोलीसोबतच जोडा. नंतर मागतीलच असं नाही.