चढताना दम जातो, उतरताना मांड्या

खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर चढायचं आणि गणेश घाटाने उतरायचं, डिसेंबरातला रविवार, पहाटेची कर्जत लोकल आणि पुढे टमटम. एका दिवसात ८०० मीटरच्या वर चढ आणि परत तेवढाच उतार. चढताना जीव गेला अक्षरशः, पण वर चहा-भजी झाली आणि अर्ध्या तासात गडी एकदम फ्रेश. उतरताना तर दमही लागत नव्हता, गप्पा मारत चाललो होतो, फक्त शेवटच्या तासाभरात मांड्या आपोआप थरथरायला लागल्या. सोमवारी पाय जरा भरून आल्यासारखे वाटले, बास. खरी मजा मंगळवारी, दादरच्या पुलावर चढलो व्यवस्थित, पण उतरताना रेलिंग धरून खेकड्यासारखा आडवा, आणि मागून कोणीतरी "ओ काका, चला ना पुढे". पस्तिशीतच काका!

मग प्रश्न पडतोच, की दमलो चढताना आणि दुखतंय ते उतरल्यामुळे, असं कसं?

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि अंगाला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेक असतो. पाय खालच्या दगडावर पडला की गुडघा वाकतो, स्नायू ताणला जातो, पण आपण कोसळू नये म्हणून त्याच वेळी तो जोर लावून धरून पण ठेवतो, म्हणजे एकीकडे लांब होतोय आणि दुसरीकडे खेचतोय. कसारा घाटात भरलेला ट्रक ब्रेकवर उतरतो तसंच, फक्त इथे ब्रेक लायनर म्हणजे आपल्याच मांड्या.

आणि हे काम शरीराला फार स्वस्त पडतं, इथेच गंमत आहे. १९५२ मध्ये ब्रिटनमधल्या अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघा संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच चेनने जोडल्या, एकाने पेडल पुढे मारायचं आणि दुसऱ्याने ते उलटं फिरत येणारं पेडल फक्त रोखायचं. दोघांचा जोर सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. कारण ताणल्या जाणाऱ्या स्नायूचा एकेक तंतू जास्त जोर पेलतो, त्यामुळे तेवढ्याच कामाला कमी तंतू पुरतात. म्हणून उतरताना दम लागत नाही. पण कमी तंतूंवर सगळं वजन आलं की त्यातले कमजोर भाग जास्त ताणले जातात आणि आत बारीक बारीक इजा होते. म्हणजे ज्या कारणाने दम वाचला त्याच कारणाने मंगळवारी वाट लागली.

ही इजा लगेच दुखत नाही. आधी सूज येते, दुरुस्ती सुरू होते, आसपासच्या नसा हळव्या होतात, आणि दुखणं २४ ते ७२ तासांत टिपेला जातं. 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं' असं आपल्याकडे ट्रेकला पहिल्यांदा आलेल्या माणसाला पण कोणीतरी सांगतंच, पण ते साधारण तासाभरात निघून जातं, आणि मुळात ते वाढतं चढताना. उशिरा येणारं दुखणं हे स्नायूच्या आतल्या इजेमुळे असावं असं थिओडोर हॉ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच लिहून ठेवलंय, तरी बिचारं अ‍ॅसिड त्या आरोपातून अजून सुटलेलं नाही.

त्यात आपला सह्याद्री म्हणजे जिनाच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा बसाल्ट झाला, आणि झिजून त्याच्या पायऱ्या पडल्या. या खडकाच्या 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप हा सापळा नाही, तो जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आणि पायरी जितकी उंच तितका ब्रेक जोरात दाबायला लागतो. म्हणून उतरताना काठी घ्या, थोडं वजन हातांवर जातं, आणि लांब ढांगा टाकू नका.

चांगली बातमी अशी की एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे स्नायू तयार असतो, तोच उतार परत उतरलात तर बरंच कमी दुखतं. पण त्यासाठी मार खायलाच हवा, आणि थोडा थोडा खाल्लेला बरा. ट्रेकच्या आधी लोक बिल्डिंगचे जिने चढायची प्रॅक्टिस करतात. छातीसाठी ते ठीकच आहे, मांड्यांसाठी मात्र उतरायची प्रॅक्टिस पाहिजे. सध्या मी लिफ्टने चौदाव्या मजल्यावर जातो आणि जिन्याने खाली येतो, असं तीन-चारदा. परवा वॉचमनने विचारलंच, "साहेब, लिफ्ट बंद पडली काय?" नाही म्हटलं, चालू आहे, आणि त्याच्यासमोरच परत लिफ्टमध्ये शिरलो.