डोळा लागण्याआधीची मिनिटं

समृद्धी महामार्गावर दुपारी तीनच्या सुमारास चालकाच्या शेजारी बसून त्याच्या पापण्यांकडे बघा. रस्ता सरळसोट, ना चौक, ना सिग्नल, ना आडवी येणारी म्हैस. जेवण झालेलं. पापणी मिटते आणि उघडायला जरा जास्तच वेळ घेते. "झोप येतेय का?" विचारलं तर उत्तर येतं, "नाही हो, जागाच आहे." तो खोटं बोलत नसतो. दोन-तीन सेकंदांची डुलकी लागून गेली, हे त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं. ताशी 120 किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी 100 मीटर पुढे जाते.

म्हणून ही पेंग बाहेरून मोजावी लागते. स्वीडनमध्ये 1990 साली तयार झालेल्या कॅरोलिन्स्का मोजपट्टीवर चालक स्वतःच 1 ते 9 मधला आकडा सांगतो. 1 म्हणजे टक्क जागा, 9 म्हणजे झोपेशी झटापट चालू. प्रयोगशाळेत, नकली गाडीच्या स्टेअरिंगवर बसवून, हा आकडा दर पाच मिनिटांनी विचारतात. पण विचारलं की माणूस थोडा जागा होतोच! डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी टिपल्या, तर डोळे उघडे असतानाच सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांच्या अल्फा लहरी वाढताना दिसतात. पुढे त्याहून संथ थीटा लहरी येतात. मात्र रोज नागपूर-मुंबई करणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोक्याला तारा कोण लावणार?

मला सर्वांत पटलेलं माप पापणीचंच आहे. 1990च्या दशकात अमेरिकेत ते पुढे आलं. बुबुळाच्या मधली बाहुली पापणीने 80 टक्के किंवा त्याहून जास्त झाकलेली, असा वेळ मिनिटातला किती, एवढंच त्यात मोजतात. झटकन होणारी उघडझाप धरत नाहीत. डॅशबोर्डवरचा कॅमेरा अवरक्त प्रकाशात अंधारातही हे टिपतो. काही गॉगल्सपुढे मात्र तो अडतो, आणि डोळे सताड उघडे ठेवून हरवलेला माणूस त्याला कळत नाही.

म्हणून स्टेअरिंगवरही लक्ष ठेवतात. जागा चालक नकळत सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत असतो. पेंगुळलेल्याचा हात काही क्षण स्थिर राहतो, मग एकदम मोठा हिसका. युरोपीय संघात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये, ट्रकमध्ये आणि बसमध्ये पेंग ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे रात्रभर धावणाऱ्या प्रवासी बसमध्ये ती सगळ्यात आधी यावी, असं मला मनापासून वाटतं.

सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी खालावते, हे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला चालक रात्री दहाला स्टेअरिंगवर असेल, तर तो याच अवस्थेत असतो, आणि नाक्यावरच्या फुंकर-यंत्राला ते कळत नाही.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी फारसं काही होत नाही. सुरक्षित जागी थांबून एक कडक कॉफी प्यावी आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटावेत. कॉफीचा असर व्हायला जवळपास अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही पदरात पडते.