भरती-ओहोटीचा पट्टा

उधाणाच्या भरतीला पाणी जिथवर चढते आणि उधाणाच्याच ओहोटीला जिथवर उतरते, त्या दोन रेषांमधला किनारा म्हणजे भरती-ओहोटीचा पट्टा. उतार खडा असेल तर तो काही मीटरांत आटोपतो. सपाट पुळणीवर किंवा चिखलात किलोमीटरभरही पसरतो. महासागराच्या पसाऱ्यात हा निव्वळ काठ. तरी सागरी जीवशास्त्र पुष्कळसे इथेच शिकले, कारण इथले बरेच प्राणी जागचे हलत नाहीत आणि ओहोटीला त्यांच्यापर्यंत चालत जाता येते.

खडकाळ किनाऱ्यावर जीवांचे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. सर्वांत वर, फक्त तुषार पोचतात तिथे, काळपट दगडफुलांचा थर आणि भेगांत दडलेल्या बारीक गोगलगायी. त्याखाली बार्नॅकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांचा पांढुरका, खरखरीत पट्टा, मग शिंपल्यांचा निळा-काळा. अगदी खाली, जिथे खडक क्वचितच उघडा पडतो, तिथे मोठी शैवाले, समुद्रफुले आणि तारामासे.

बार्नॅकल शंखासारखे दिसत असले तरी नाते खेकडा-कोळंबीशी. त्याची अळी पोहत येते, खडक चाचपते, जागा पसंत पडली की डोके टेकवून स्वतःला चिकटवून घेते आणि उरलेले आयुष्य पाठीवर पडून पिसांसारख्या पायांनी पाण्यातले अन्नकण ओढण्यात घालवते. ओहोटी लागली की कवचाचे दार बंद. आत कोंडलेल्या ओलाव्यावर पुढची भरती येईपर्यंत निभवायचे. लिंपेट नावाची टोपीसारखी गोगलगाय मात्र भरतीत शेवाळ खरवडायला फिरते आणि पुष्कळदा नेमक्या आपल्याच खोबणीत परतते. कवचाची कड त्या खोबणीशी इतकी जुळलेली असते की आतले पाणी सहसा सुटत नाही.

हे पट्टे कोण आखतो? ऊन आणि कोरडेपणा, असे उत्तर चटकन सुचते, पण ते अर्धेच आहे. स्कॉटलंडमधल्या कंब्रे बेटावर परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी दोन जातींच्या बार्नॅकलवर केलेले प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्थॅमॅलस ही लहान जात वरच्या भागात राहते, सेमीबॅलॅनस खाली. कॉनेल यांनी खालच्या दगडांवरून सेमीबॅलॅनस काढून टाकले, तर तिथेही क्थॅमॅलस व्यवस्थित जगले. एरवी मोठे बार्नॅकल वाढता वाढता लहानांना चिरडतात किंवा खालून उचकटून टाकतात. थोडक्यात, वरची हद्द कोरडेपणा ठरवतो, खालची बहुधा शेजारी किंवा शिकारी. नियमाला अपवाद आहेत, पण खडकाळ किनाऱ्यावर तो बराच लागू पडतो.

शिकाऱ्याचा वाटा परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी दाखवला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर १९६३ पासून ते एका ठरावीक भागातले तारामासे उचलून पाण्यात भिरकावत राहिले. शिंपल्यांना खाणारे कोणी उरले नाही, शिंपले खाली सरकत गेले आणि बाकीच्यांना जागाच राहिली नाही. १५ जातींच्या वस्तीत ८ उरल्या. ‘कळीची प्रजाती’, म्हणजे जिच्यावर साऱ्या वस्तीची घडी टिकून असते अशी जात, ही संकल्पना पेन यांनी १९६९ मध्ये यातूनच मांडली.

पट्ट्याच्या पलीकडे समुद्राचे भाग उजेडावरून पाडतात. साधारण २०० मीटरपर्यंत प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड असतो, १,००० मीटरपर्यंत संधिप्रकाश आणि त्याखाली कायमचा काळोख. ६,००० मीटरांहून खोल सागरी गर्तांचा विभाग वेगळा मानतात. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत या रेषा ठळक असतात, प्राणी त्या फारशा पाळत नाहीत. संधिप्रकाशातले असंख्य मासे आणि कोळंबीवर्गीय जीव रात्री चरायला वर येतात आणि पहाटे शिकाऱ्यांच्या नजरेआड खाली जातात. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रावर, या थव्यांचा प्रतिध्वनी इतका दाट उमटे की तो समुद्राचा तळच वाटे. फक्त हा तळ संध्याकाळी वर सरकत असे.