वीग्वास: झाड, साल आणि बदलते हवामान

ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी जमातींच्या भाषेत ‘वीग्वास’ म्हणजे सुपीरियर सरोवराच्या परिसरातील पांढरा बर्च आणि त्याची सालही. हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. या भाषेत नामांचे सजीव व निर्जीव असे दोन व्याकरणिक वर्ग आहेत: ‘मितिग’ म्हणजे उभे झाड असेल तर अनेकवचन ‘मितिगूग’ होते, काठी असेल तर ‘मितिगून’. त्याचप्रमाणे झाड म्हणून वीग्वास सजीव आणि सोललेली साल म्हणून निर्जीव ठरतो. झाडाला ‘संसाधन’ म्हणू नये, असा आग्रह धरणारे जमातींतील लोक या व्याकरणाचा दाखला देतात. त्यावर आक्षेप असा की याच भाषेत रासबेरी सजीव आहे आणि स्ट्रॉबेरी निर्जीव. शिवाय मराठीत दगड पुल्लिंगी असला तरी त्याला कोणी पुरुष समजत नाही. आक्षेप योग्य आहे, परंतु तो व्याकरणापुरताच. साल काढण्यापूर्वी झाडाला तंबाखू अर्पण करण्याची आणि आतल्या जिवंत थराला इजा न करता बाहेरचीच साल काढण्याची रीत प्रत्ययांवर अवलंबून नाही, आणि माझ्या मते आग्रहाचे खरे बळ तिच्यातच आहे.

१८३७ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या करारात ओजिब्वे जमातींनी जमीन दिली, मात्र शिकार, मासेमारी आणि जंगली तांदूळ गोळा करण्याचा हक्क राखला; सालीचा शब्दशः उल्लेख त्यात नव्हता. राष्ट्रीय वनांतून साल व इतर वनोपज घेण्याबाबत लेखी समझोता व्हायला १९९८ साल उजाडले.

आता प्रश्न झाडाचाच आहे. बर्चची मुळे उथळ असतात आणि त्याला थंड, ओलसर माती लागते. उष्ण, कोरड्या वर्षांत दुबळ्या झालेल्या झाडाला खोड पोखरणारा किडा गाठतो. त्यातच जंगलतोडीनंतर आणि वणव्यांनंतर एकाच वेळी उगवलेली दाटी आता म्हातारी झाली आहे, आणि वणवे आटोक्यात ठेवल्यामुळे नवी रोपे उन्हाअभावी मागे पडतात. ‘मकक’, म्हणजे सालीची पेटी, लहान झाडाच्या सालीतूनही होते. ‘वीग्वासि-जीमान’ या नावेला मात्र जाड, गाठी नसलेली, शक्य तितकी रुंद अखंड साल लागते, आणि तशी झाडे पूर्वीइतकी सहज सापडत नाहीत, असे साल काढणारे सांगतात.