पोर्सेलीन (शब्द व व्युत्पत्ती)

पांढऱ्या मातीची, फार मोठ्या उष्णतेला भाजून काचेसारखी घट्ट झालेली आणि पातळ असेल तिथून प्रकाश झिरपू देणारी भांडी, तसेच ती ज्या द्रव्याची बनतात ते द्रव्य, म्हणजे पोर्सेलीन. वस्तू चीनमध्ये जन्मली, पण तिचे हे नाव इटलीतले आहे आणि त्याच्या मुळाशी डुक्कर आहे.

लॅटिनमध्ये डुकराला ‘पोर्कस’ म्हणत. त्यावरून इटालियनमध्ये डुकराच्या लहान मादीला ‘पोर्चेल्ला’ आणि पुढे समुद्रातल्या कवडीला ‘पोर्चेल्लाना’ हे नाव पडले. कवडी आणि डुकरीण यांचा संबंध दोन तऱ्हांनी सांगतात. कवडी पालथी ठेवली की तिची फुगीर, गुळगुळीत पाठ डुकराच्या पाठीसारखी दिसते, हे एक स्पष्टीकरण. तीच कवडी उताणी केली की मधोमध एक लांबट, दातेरी कडांची फट दिसते आणि तिच्यात लोकांना मादीच्या जननेंद्रियाचा आकार दिसला, हे दुसरे. दुसरे अधिक पटते. नुसत्या पाठीवरून नाव पडले असते, तर मादीवाचक शब्द शोधण्याचे काही कारण नव्हते. शब्दाचे मूळ पोर्तुगीजमध्ये शोधून ‘पेला’ असा अर्थ लावण्याचाही प्रयत्न झाला होता. तो टिकणारा नाही.

कवडीचे नाव भांड्याला मिळाले ते तिच्या चकाकीमुळे. जिवंत असताना कवडीतला प्राणी आपल्या मऊ त्वचेची घडी शिंपल्यावर बाहेरूनही पांघरतो आणि त्यावर थर चढवत राहतो. म्हणून इतर शंखशिंपल्यांसारखी ती खरखरीत होत नाही. बोट फिरवले तर गार, निसरडी आणि झिलई दिल्यासारखी लागते. चिनी पेल्याचा स्पर्श नेमका असाच असतो. मार्को पोलोच्या १२९८ च्या सुमारास लिहून घेतलेल्या वृत्तांतात हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो: चीनच्या आजच्या युन्नान प्रांतात नाणे म्हणून चालणाऱ्या कवड्यांसाठी आणि चीनमध्ये बनणाऱ्या सुंदर वाडग्यांसाठी. फ्रेंचमधील ‘पोर्सलेन’ या रूपातून तो १६ व्या शतकात इंग्रजीत गेला.

नाव दिसण्यावरून पडले खरे, पण युरोपात पुष्कळांनी तेच घडण सांगणारे मानले. पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोझा याने १६ व्या शतकाच्या आरंभी लिहिले की, शिंपल्यांची व अंड्यांच्या टरफलांची पूड मळून तो गोळा ऐंशी ते शंभर वर्षे जमिनीत पुरून ठेवतात. ही समजूत पुढेही बराच काळ टिकली. वास्तविक या भांड्यात शिंपला कुठेच नसतो. पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड यांचे मिश्रण साधारण १३००–१४०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. फेल्डस्पार वितळून काच बनतो आणि मातीच्या कणांमधल्या फटी भरतो. माती स्वतः न वितळता आकार धरून ठेवते. पाणी मुरत नाही आणि टिचकी मारल्यावर भांडे घंटेसारखे वाजते, ते यामुळेच. अशा भांड्यांसाठी चिनी भाषेत असलेल्या ‘त्सू’ या शब्दात हा नाद आणि घट्टपणा महत्त्वाचा आहे. पांढरेपणा व पारभासकता यांवर युरोपीय व्याख्येचा जसा भर असतो, तसा तिथे नाही.

त्या पांढऱ्या मातीचे नाव मात्र खऱ्या ठिकाणावरून आले. चीनमधील जिंगदेझेन या कुंभारनगरीजवळ गाओलिंग, म्हणजे ‘उंच डोंगरधार’, नावाची टेकडी आहे. फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल याने १७१२ आणि १७२२ मध्ये लिहिलेल्या पत्रांत तिथल्या मातीची व भट्ट्यांची तपशीलवार माहिती दिली आणि ‘काओलिन’ हा शब्द युरोपात रुजला. त्याआधीच, १७०८ मध्ये, जर्मनीतल्या सॅक्सनीत ब्योट्गर आणि चिर्नहाउस या संशोधकांना चिनी भांड्यांसारखे कठीण पोर्सेलीन साधले होते. १७१० मध्ये तिथेच माइसेन गावी पोर्सेलीनचा कारखाना सुरू झाला.

सगळ्या भाषांनी कवडी पाहिली असे नाही. फारसीने देश पाहिला आणि ‘चीनी’ म्हटले. इंग्रजीतला ‘चायना’ आणि मराठीतली ‘चिनी माती’ याच वळणाच्या. मराठीत हा शब्द बराच सैल वापरला जातो; जाड, अपारदर्शक भांडीही त्यात येतात आणि ती काटेकोर अर्थाने पोर्सेलीन नसतात. रशियनने राजा पाहिला. तिथला ‘फारफोर’ हा शब्द तुर्कीमार्गे फारसी ‘फगफूर’ वरून आला. चीनच्या सम्राटाची ही उपाधी, अर्थ ‘देवाचा पुत्र’. तिच्या जुन्या ‘बगपूर’ रूपातले दोन्ही भाग संस्कृत ‘भग’ आणि ‘पुत्र’ यांचे सगोत्र आहेत.

फ्रेंचमध्ये ‘पोर्सलेन’ हे कवडीचे नाव आजही चालू आहे. इटालियन ‘पोर्चेल्लाना’ तर घोळ या वनस्पतीलाही लागते. पण त्या अर्थाचे मूळ वेगळे: घोळीच्या ‘पोर्तुलाका’ या लॅटिन नावाचेच ‘पोर्सिलाका’ असे रूप झाले होते आणि उच्चाराच्या सारखेपणामुळे ते कवडीच्या शब्दात मिसळून गेले.