पदस्थापना संघर्ष

मध्ययुगीन यूरोपात बिशप कोणी नेमायचा, राजाने की चर्चने, या प्रश्नावरून पोप आणि जर्मन राजे यांच्यात झालेला संघर्ष. त्याची सुरुवात साधारणपणे १०७५ मध्ये धरतात आणि शेवट जर्मनीतल्या वर्म्स शहरी झालेल्या ११२२ च्या कराराने. वरवर पाहता भांडण अंगठी आणि दंड या दोन वस्तूंचे होते. पण राजाची हद्द कुठे संपते, हा प्रश्न पश्चिम यूरोपात उघडपणे आणि शस्त्रे उपसून विचारला गेला तो या वादात.

त्या काळचा बिशप हा नुसता धर्मोपदेशक नव्हता. त्याच्याकडे जमिनी, किल्ले, जकातीचे आणि नाणी पाडण्याचे हक्क असत. राजाने बोलावले की तो शिबंदी घेऊन हजर होई. जर्मन राजांना तर बिशप सरदारांपेक्षा सोयीचे वाटत. सरदाराला दिलेली जहागीर मुलानातवंडांकडे जाऊन कायमची त्या घराण्याची होऊन बसे. बिशपाला कायदेशीर वारस नसल्याने तो वारला की सारे पुन्हा राजाच्या हाती येई. म्हणून नव्या बिशपाला राजा स्वतः अंगठी आणि धर्मदंड देई आणि म्हणे, ‘हे चर्च स्वीकार.’ अंगठी ही बिशपाच्या आपल्या चर्चशी झालेल्या विवाहाची खूण, तर दंड म्हणजे मेंढपाळाची काठी. खुणा धार्मिक, देणारा हात राजाचा. यात फारसे कोणाला वावगे वाटत नव्हते, कारण राज्याभिषेकात पवित्र तेलाने अभिषिक्त झालेला राजा निव्वळ संसारी माणूस मानला जात नसे. तिसऱ्या हेन्रीने १०४६ साली सुत्री व रोम येथील धर्मसभांत तीन प्रतिस्पर्धी पोपांना बाजूला सारून आपल्या पसंतीचा पोप बसवला, तेव्हा चर्चमधल्या सुधारकांनी त्याचे स्वागतच केले.

त्याच सुधारकांना पुढे राजा नकोसा झाला. पैसे मोजून धर्मपद मिळवणे आणि धर्मगुरूंनी लग्न करणे, या दोन गोष्टींविरुद्ध त्यांची मोहीम होती. पदे विकली जातात ती मुळात राजे-सरदारांच्या हातात असतात म्हणून, हे त्यांना कळून चुकले. १०५९ मध्ये पोप दुसऱ्या निकोलसने पोपची निवड कार्डिनलांकडे, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे, सोपवली. तिसरा हेन्री १०५६ मध्येच वारला होता आणि गादीवर लहान मूल होते, त्यामुळे जोरकस विरोध करायला कोणी नव्हते. हे मूल म्हणजे चौथा हेन्री. १०६२ मध्ये कोलोनच्या आर्चबिशपने त्याला ऱ्हाइनवरची नाव दाखवायच्या मिषाने पळवून नेले. पोराने भेदरून नदीत उडी घेतली आणि एका सरदाराने त्याला बाहेर काढले. बिशप या प्राण्याविषयी त्याचे मत कसे बनले असेल, याची कल्पना करता येते.

१०७३ मध्ये हिल्डेब्रांड हा संन्यासी सातवा ग्रेगरी म्हणून पोप झाला. त्याच्या दप्तरात १०७५ सालची २७ विधानांची एक यादी आहे : पोप सम्राटाला पदच्युत करू शकतो, अन्यायी राजाच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मुक्त करू शकतो, रोमचे चर्च कधी चुकलेले नाही आणि चुकणारही नाही. त्याच वर्षी हेन्रीने मिलानमध्ये आपला आर्चबिशप बसवला आणि ठिणगी पडली. जानेवारी १०७६ मध्ये वर्म्स येथे हेन्री आणि त्याच्या बिशपांनी ‘पोप नव्हे, खोटा संन्यासी’ अशा शब्दांत ग्रेगरीला गादी सोडायला फर्मावले. फेब्रुवारीत ग्रेगरीने हेन्रीला धर्मबहिष्कृत केले व प्रजेची शपथ रद्द ठरवली. पोपकडे म्हणण्यासारखे सैन्य नव्हते. पण बंडाला निमित्त शोधणाऱ्या सॅक्सन सरदारांना ते आयते मिळाले. वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर दुसरा राजा निवडू, असे जर्मन सरदारांनी बजावले आणि निवाड्यासाठी पोपला ऑग्सबर्गला बोलावले.

पोप जर्मनीत पोचला तर खेळ संपला, हे हेन्रीने ओळखले. पत्नी बेर्टा आणि लहानगा मुलगा यांना घेऊन त्याने ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडला. तेव्हाच्या एका बखरकाराने, जो हेन्रीचा मित्र मुळीच नव्हता, बर्फाच्या उतारावर स्त्रियांना बैलांच्या कातड्यांवर बसवून खाली ओढत नेल्याचे लिहिले आहे. ग्रेगरी तस्कनीच्या मातिल्दाच्या कानोसा किल्ल्यात होता. जानेवारी १०७७ च्या अखेरीस हेन्री तीन दिवस दारात उभा राहिला. राजचिन्हे उतरवलेली, पाय अनवाणी, अंगावर जाडीभरडी लोकर. हे वर्णन खुद्द ग्रेगरीच्या पत्रातले आहे. हा कठोरपणा धर्मगुरूचा नसून जुलमी सत्ताधाऱ्याचा आहे, असे जवळचे लोकही म्हणू लागल्याचे त्याने त्यातच नोंदवले आहे. मातिल्दा आणि क्लूनीचा मठाधिपती ह्यू यांनी रदबदली केली. अखेर पश्चात्ताप करणाऱ्याला दारातून परत पाठवणे धर्मगुरूला शक्य नव्हते आणि बहिष्कार उठला.

कानोसा हा राजाचा पराभव म्हणून सांगितला जातो. त्या घडीचा डाव मात्र त्यानेच मारला. ऑग्सबर्गची सभा बारगळली. विरोधी सरदारांनी मार्चमध्ये श्वाबियाच्या रुडॉल्फला राजा निवडले खरे, पण १०८० मध्ये तो लढाईत पडला. त्याच वर्षी पुन्हा लादलेल्या बहिष्काराला आधीची धार राहिली नव्हती. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेतले आणि आपण उभ्या केलेल्या प्रतिस्पर्धी पोपकडून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला. ग्रेगरीच्या मदतीला आलेल्या दक्षिण इटलीतल्या नॉर्मन सरदारांनी शहर इतके लुटले की त्याला रोम सोडावे लागले. १०८५ मध्ये तो सालेर्नोत वारला.

हेन्रीचे खरे नुकसान निराळेच होते. मेत्सच्या बिशपला १०८१ मध्ये लिहिलेल्या पत्रात ग्रेगरीने राजसत्तेचा उगम गर्व, लूट आणि हत्या यांत दाखवला. त्याच्या बाजूने लिहिणारा जर्मन धर्मपंडित माणेगोल्ड याने तर राजाची तुलना डुकरे राखायला ठेवलेल्या गड्याशी केली : डुकरे हरवली तर गडी हाकलतात, तसाच करार मोडणारा राजाही. अकराव्या शतकात हे कागदावर उतरावे आणि तेही पोपच्या कैवारासाठी, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. लोकसत्ता त्यांपैकी कोणाच्याच मनात नव्हती.

तोडगा निघाला तो पुढच्या पिढीत. २३ सप्टेंबर ११२२ रोजी पाचवा हेन्री आणि पोप दुसरा कॅलिक्स्टस यांनी वर्म्स येथे करार केला. अंगठी आणि दंड राजाने सोडले. निवड चर्चने करावी, मात्र जर्मनीत ती राजाच्या समक्ष व्हावी. जमिनी आणि हक्क राजाने राजदंड देऊन बहाल करावेत. म्हणजे बिशप एकच, त्याच्या पदाचे उगम दोन. इंग्लंडमध्ये पहिला हेन्री आणि आर्चबिशप अँसेल्म यांनी ११०७ मध्येच अशी वाटणी मान्य केली होती.

या भांडणात दोन्ही पक्षांनी जुने कायदे, पोपांची पत्रे आणि धर्मसभांचे ठराव हुडकून काढले. सुमारे ११४० मध्ये बोलोन्यात ग्रातियनने चर्चच्या कायद्याचे जे संकलन केले, त्यामागे या वादाचा मोठा रेटा होता. जर्मनीत सरदार बळावले, राजाची निवडणूक ही नुसती औपचारिकता उरली नाही आणि उत्तर इटलीतील शहरांना सम्राटाच्या गैरहजेरीत आपापला कारभार चालवायची संधी मिळाली.

कानोसाची आठवण जर्मनीत फार काळ ताजी राहिली. कॅथलिक चर्चशी झगडा चालू असताना १४ मे १८७२ रोजी बिस्मार्कने संसदेत ‘आम्ही कानोसाला जाणार नाही’ अशी गर्जना केली. पुढे काही वर्षांत त्याला बरीच माघार घ्यावी लागली. बिशपनेमणुकीतला सरकारी वाटा काही ठिकाणी अजून टिकून आहे : नेपोलियन आणि पोप यांच्यातील १८०१ च्या कराराप्रमाणे स्ट्रासबुर्ग आणि मेत्सचे बिशप आजही फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीने नेमले जातात. पोर्तुगालच्या राजाला पाद्रोआदो म्हणून आशियात असाच हक्क होता. १५३४ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या धर्मप्रांताचा बिशप तोच सुचवी. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असे ठरले होते. १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा हा हक्क सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस हे तिथले पहिले भारतीय आर्चबिशप झाले.